बीएमआय २३.४ आणि रिपोर्टमधल्या खालच्या तीन ओळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबडच्या एका कारखान्यात प्लॅनिंगचं बैठं काम करणारे ३८ वर्षांचे गृहस्थ. उंची १६८ सेंमी, वजन ६६ किलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीएमआय (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३.४ निघाला आणि पुढे ‘ओव्हरवेट’ असा शेरा पडला. मोबाइलवर तेच आकडे टाकले तर उत्तर येतं ‘नॉर्मल’. पिंपळगावचे मेहुणे १७२ सेंमी, ८२ किलो. एके काळी तालमीत जायचे, आता द्राक्षबाग बघतात. त्यांचा बीएमआय २७.७ आणि तब्येत ठणठणीत. “मग बीएमआय मानायचा की थोतांड म्हणून सोडून द्यायचा? मी खरंच जाड आहे का? माझी तर पँटही ३४ चीच आहे.” आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं त्यांनी लिहिलंय: उपाशीपोटी साखर १०६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६, बीपी १२६/८२, वडिलांना मधुमेह. या सगळ्यावर त्यांना “बॉर्डरलाइन आहे, चालतं” असं सांगण्यात आलं.

मी नाशिकमध्ये फिजिशियन आहे. ओपीडीखेरीज सातपूर-अंबडच्या कामगारांच्या वार्षिक तपासण्याही बरीच वर्षं करते, त्यामुळे हा वाद माझ्या टेबलासमोर नेहमी होतो. सहसा तो ‘ओव्हरवेट’ या एका शब्दावरच अडतो आणि खालच्या ओळी कुणी वाचतच नाही. तुमचंही तसंच झालंय. तुम्ही जाड आहात की नाही, हा मला तुमचा खरा प्रश्न वाटत नाही. साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल हे तीन आकडे एकाच वेळी एकाच बाजूला का झुकलेत, हा खरा प्रश्न आहे. पण तुम्ही बीएमआयचं विचारलंय, तर आधी त्याचा हिशोब पुरा करू.

मोबाइल आणि कंपनीचा रिपोर्ट, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण पट्टी १८.५ ते २४.९ नॉर्मल, २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून स्थूलता अशी आहे. आशियाई लोकांना त्याहून कमी बीएमआयवरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात हे दिसल्यावर २००४ साली त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे जोडले. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकत्र बसून आपल्यासाठी २३ ला जास्त वजन आणि २५ ला स्थूलता ठरवली. तुमचं कॅल्क्युलेटर पहिली, सर्वसाधारण पट्टी वापरतं, तपासणीवाले ही भारतीय पट्टी. शरीर तेच, वजन तेच, रेघ फक्त वेगळी. अशा रेघा माणसंच आखतात आणि माणसंच सरकवतात. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी जास्त वजनाची रेघ २७.८ वर होती. ती २५ वर आणली आणि कोट्यवधी लोक एक घासही जास्त न खाता ‘ओव्हरवेट’ झाले.

आता तुमच्या उंचीचं गणित. १६८ सेंमीला बीएमआय २३ म्हणजे जवळजवळ ६५ किलो. म्हणजे तुमच्या आणि ‘नॉर्मल’ च्या मधे एक किलो आहे. लग्नाची पंगत आणि सकाळी पोट साफ न होणं, एवढ्यात एक किलो इकडचा तिकडे होतो. उंचीचं तर त्याहून वाईट, कारण सूत्रात उंचीचा वर्ग होतो. ‘पाच फूट सात इंच’ असं आठवणीने सांगितलं असतं तर १७० सेंमी धरले गेले असते आणि बीएमआय आला असता २२.८, म्हणजे नॉर्मल. तपासणीच्या रांगेत सेफ्टी शूज घालून उंची मोजताना मी नेहमी बघते. तेव्हा २३.४ हा आकडा ‘तेवीसच्या आसपास’ एवढाच वाचायचा. त्या दशांशावरून स्वतःला बरंवाईट म्हणण्यात अर्थ नाही.

मग हे सूत्र आलं कुठून? बेल्जियमचे अ‍ॅडॉल्फ केटले हे खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रातले माणूस. त्यांनी १८३० च्या दशकात मांडलं की मोठ्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, लठ्ठपणाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांच्या मापांवर वजन-उंचीची वेगवेगळी सूत्रं तपासली. त्यात त्यांना हे त्यातल्या त्यात बरं आणि सोपं वाटलं, आणि ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्यांनीच दिलं. त्यांनीही ते लोकसमूहांचा अभ्यास करायला सुचवलं होतं. पुरुषांवर तपासलेलं, गर्दीसाठी सुचवलेलं हे माप आज प्रत्येकाच्या फायलीत पहिल्या पानावर बसलंय, कारण त्याला फक्त काटा आणि पट्टी लागते. याला मी तक्रार म्हणत नाही. दिवसभरात शेकडो कामगार तपासायचे असतील तेव्हा मलाही तेच हवं असतं.

त्याला दिसत नाही ते मात्र मोठं आहे. त्या ६६ किलोंमध्ये स्नायू किती, चरबी किती, पाणी किती आणि चरबी असेल तर ती कुठे, यातलं काहीच बीएमआय सांगत नाही. मेहुण्यांना हे समजवायचं तर त्यांच्याच भाषेत सांगा: घड काट्यावर टाकून गोडी कळत नाही, त्यासाठी मणी फोडून ब्रिक्सच, म्हणजे रसातली साखरच, मोजावा लागतो.

लोकांना वाटतं, बीएमआयची मुख्य चूक म्हणजे पैलवानाला जाड ठरवणं. तसं होतं खरं. पण माझ्या ओपीडीत पैलवान कमी आणि टेबलावर बसणारे जास्त. आपल्याकडे बीएमआयची मोठी चूक उलट्या बाजूची आहे: हातपाय काटकुळे, गाल बसलेले, वजन ‘नॉर्मल’ आणि पोटात चरबी. याचं प्रसिद्ध उदाहरण पुण्याचंच आहे. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एकाच आकड्याआड दुपटीहून जास्त चरबी. याज्ञिकांच्याच चमूने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये जन्मलेल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. पण ही घट मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती. त्वचेखालची चरबी त्या मानाने शाबूत होती. म्हणजे हा सगळा दोष तुमच्या मिसळीचा नाही, काही भाग जन्माबरोबरच आलाय.

देशपातळीवरही हेच दिसतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत बीएमआयच्या मापाने २८.६ टक्के प्रौढ स्थूल निघाले, तर कंबरेच्या मापाने ३९.५ टक्के. मधल्या फरकातली बरीच माणसं काट्यावर उभी राहिली की खुशीत घरी जातात.

पोटाच्या चरबीचं एवढं का, असं तुम्ही विचाराल. कातडीखालची चरबी, मांड्यांवरची, नितंबांवरची, ही त्या मानाने निरुपद्रवी साठवण असते. ती जागा भरली, किंवा मुळातच कमी असली, की जादा चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते. आतड्यांभोवतालचं रक्त थेट यकृतात जातं. त्याबरोबर चरबीची आम्लं तिथे पोचत राहतात. यकृत मग इन्सुलिनला नीट जुमानत नाही, रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडतं, आणि आलेल्या चरबीचे ट्रायग्लिसराइड करून बाहेर पाठवतं. ट्रायग्लिसराइड वाढले की एचडीएल खाली येतं. उपाशीपोटीची साखर थोडी वर, ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली. तुमचा रिपोर्ट आता परत एकदा बघा.

‘बॉर्डरलाइन’ शब्दाशी माझं भांडण इथे आहे. मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारे बिघाड एकत्र येणं, यासाठी पाच गोष्टी तपासतात: कंबर (आपल्याकडे पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी किंवा जास्त), उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, बीपी १३०/८५ किंवा जास्त. पाचांपैकी तीन असल्या की पुरे. तुमच्या तीन भरतात, आणि कंबर तर अजून मोजलेलीही नाही. सुटी सुटी प्रत्येक गोष्ट ‘चालतं’ म्हणण्याइतकी किरकोळ दिसते. एकत्र वाचली तर ती किरकोळ राहत नाही.

पँट ३४ ची म्हणजे कंबर ३४ इंच, हे विसरा. आपण पुरुषमंडळींच्या पँटा पोटाखाली बांधलेल्या बघतो. पोट वाढतं, पट्टा खाली सरकतो, साइज तीच राहते. कंबर अशी मोजा: सकाळी, उपाशीपोटी, उघड्या अंगावर. बाजूला सर्वांत खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, दोन्हींच्या बरोबर मधे शिंप्याची टेप जमिनीला समांतर धरा. पोट आत ओढायचं नाही, टेप रुतवायची नाही, सहज श्वास सोडला की वाचायचं. दोनदा मोजा. टेप नसेल तर आपल्या उंचीइतकी सुतळी घ्या, दुमडून अर्धी करा आणि पोटाभोवती धरा. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था २०२२ पासून हेच सांगते की कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा. तुमच्यासाठी निम्मे म्हणजे ८४ सेंमी. ३४ ची पँट पोटाखाली बांधणाऱ्या माणसाची मधली कंबर नव्वदीत निघाली तर मला नवल वाटणार नाही.

ती नव्वद ते नव्याण्णवच्या मधे निघाली असं धरून चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचा भारतीय मधुमेह जोखीम गुणांक काढून बघू. वय ३५ ते ४९ चे २० गुण, कंबरेचे १०, आई किंवा वडील एकाला मधुमेह असल्याचे १०, बैठं काम आणि व्यायाम नाही याचे ३०. झाले ७०. साठ आणि वर म्हणजे जोखीम जास्त. व्यायाम करत असाल तर गुण कमी होतील, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण या गुणांकात बीएमआयला जागाच नाही, हे बघून ठेवा.

आतापर्यंतचं गोळा करून सांगायचं तर: २३.४ हा तुमच्या बाबतीत सीमेवरचा, फारसं न सांगणारा आकडा आहे. रक्ताचे तीन आकडे आणि वडिलांचा मधुमेह बरंच काही सांगतात. कंबर मोजली की चित्र पुरं होईल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी निस्तरा. रक्त खरोखर उपाशीपोटी दिलं होतं का? कंपनीतल्या तपासणीला लोक कँटीनचा चहा पिऊन येतात आणि “चहाच तर होता” म्हणतात. रात्रपाळी करून थेट रांगेत उभे असाल तर साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही फसवू शकतात. आदल्या रात्री पार्टी झाली होती का? दारूने ट्रायग्लिसराइड चांगलेच वाढतात, आणि हा प्रश्न बायकोसमोर विचारला की उत्तर बदलतं, म्हणून मी एकट्याला विचारते. थायरॉइड मंद असेल तरी चरबीचे आकडे बिघडतात. तेव्हा चार दिवस नेहमीसारखं जेवून, रात्रीची झोप घेऊन, दहा-बारा तासांच्या उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी) पुन्हा करा. सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि यकृताच्या तपासण्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मधे आला तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा त्यापुढे गेला तर आत, आणि तिथे पुन्हा तपासून खात्री करावी लागते. रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. लेखी प्रश्नावरून मी निदान करत नाही.

जिममधल्या मशिनवर उभं राहून ‘फॅट पर्सेंट’ काढायची घाई करू नका. ते यंत्र शरीरातून विजेचा बारीक प्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून चरबीचा. घाम गाळून गेलात आणि पाणी पिऊन गेलात तर उत्तरं वेगळी येतात. क्ष-किरणांनी चरबी मोजणारा डेक्सा स्कॅन जास्त बरोबर असतो, पण तुमच्या बाबतीत त्याने उपचार बदलणार नाहीत, मग पैसे कशाला घालवायचे.

आता मेहुणे. तालमीत कमावलेलं शरीर असेल तर २७.७ घाबरण्यासारखा नसेलही. पण ‘जायचे’ हा भूतकाळ आहे. पैलवानकी सुटते, खुराक सुटत नाही, आणि स्नायूंच्या जागी चरबी येते तेव्हा काटा तसाच राहतो. मला ही माणसं जास्त काळजीची वाटतात, कारण त्यांच्याकडे “माझं हाड मोठं आहे, मी पैलवान होतो” हे तयार उत्तर असतं. छाटणीच्या दिवसांत स्वतः बागेत राबतात की बांधावर उभं राहून मजुरांना सांगतात, यावरही बरंच अवलंबून आहे. ठणठणीत हे कशावरून ठरवलं, तेही विचारा. कधी रक्त तपासलं नसेल तर त्याला ठणठणीत म्हणत नाहीत, न तपासलेलं म्हणतात. कंबर ९० च्या आत, बीपी आणि साखर ठीक, घोरणं नाही, गुडघे कुरकुरत नाहीत, तर मी त्यांना बीएमआयवरून त्रास देणार नाही. २०२५ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या ‘लॅन्सेट’ आयोगानेही हेच मांडलं: केवळ बीएमआयवर स्थूलतेचं निदान करू नका, कंबर किंवा चरबीच्या मापाने खात्री करा, आणि तिच्यामुळे अवयवांना, हालचालींना त्रास झालाय का ते वेगळं बघा. चाळिसाच्या पुढच्या बीएमआयला मात्र असली खात्री लागत नाही, असंही त्यांनी म्हटलंय. तिथे वाद घालायला जागाच नसते.

घरातल्या इतरांना तुमची पट्टी लावू नका. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी यांच्या तक्त्यावर वाचतात. गरोदर बाईला तो लागू नाही. पाय सुजलेल्या हृदयरुग्णाचं वाढलेलं वजन हे पाणी असतं. म्हाताऱ्या माणसांचे स्नायू झिजतात, पाठीचे मणके दबून उंचीही घटते, त्यामुळे बीएमआय तोच दिसतो आणि आतलं सगळं बदललेलं असतं. आणि पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या बायकांमध्ये १७ चा बीएमआय बघते तेव्हा तिथे हाच साधा भागाकार फार उपयोगी पडतो. कुपोषण तो लगेच दाखवतो.

उपाय काय? सत्तर किलोंच्या खाली असलेल्या माणसाला मी “दहा किलो उतरवा” सांगत नाही. चार-पाच किलो उतरले तर छानच. पण चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे लक्षात घ्या. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक, बीएमआयची सरासरी २६ च्या आतच. तीन वर्षांत नुसता सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम नीट पाळायला लावलेल्या गटात ३९ टक्क्यांना, आणि त्या गटाचं वजन म्हणावं तसं उतरलंही नव्हतं. म्हणून काट्यावर रोज उभं राहू नका, महिन्यातून एकदा कंबर मोजा.

तुमच्यासाठी मी दोन गोष्टींवर भर देईन. एक, स्नायू. आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, जोर, वजनं, जे जमेल ते. साखर खाणारं मोठं कोठार म्हणजे मांडीचे स्नायू, आणि आपल्याकडे नेमके तेच कमी असतात. गोदापार्कला रमतगमत चालणं चांगलं, पण तेवढंच पुरत नाही. रविवारी पांडवलेणी चढून धाप लागते का बघा, त्यातून कळेल. दोन, जेवणाची वाटणी. नाश्त्याला पोहे, दुपारी पोळी आणि भात, पाच वाजता चहा-बिस्किट, रात्री परत पोळी-भात, यात डाळ वाटीभर असते आणि ती पातळ असते. डाळ-उसळ घट्ट करा, दूध-दही-अंडी जे चालतं ते वाढवा, भात किंवा पोळी यातलं एक निवडा. मिसळ सोडू नका, दुसरा पाव सोडा. रात्रीचं जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं पाय मोकळे करा. पाळ्या बदलत असतील तर झोपेची वेळ आधी सांभाळा, बाकीचं नंतर.

तीन महिन्यांनी एचबीए१सी, लिपिड आणि कंबर परत बघा. मात्र एक अपवाद. काहीही न करता वजन भराभर उतरू लागलं, तहान वाढली, रात्री लघवीला उठावं लागलं, तर बीएमआय २२ वर आला म्हणून खूश होऊन बसू नका. वाढलेल्या साखरेने वजन उतरतं, क्षयानेही उतरतं, आणि अशी ‘नॉर्मल’ झालेली माणसं अभिनंदन स्वीकारत माझ्याकडे उशिरा येतात. असं झालं तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात रक्त तपासायचं.